वाळवण, धुराडे आणि सळई

कोहळा किसून पिळायचा, रात्रभर भिजवलेली उडदाची डाळ वाटायची, दोन्ही एकत्र करून हाताने फेटत राहायचे. चिमूटभर मिश्रण पाण्यात टाकल्यावर तरंगले की फेटणे पुरे झाले. मग धुतलेल्या जुन्या धोतरावर एकेक सांडगा सोडायचा. आपल्याकडे हे कोहळ्याचे सांडगे. रायपूरकडे हीच रखिया बरी, आणि ती ऐन थंडीत घालतात. त्याच दिवसांत हरभऱ्याची कोवळी भाजी उन्हात सुकवून सुकसा भरून ठेवायचा असतो. उन्हाळा लागला की तिथल्या मराठी घरांतून कुरडया, पापड, चिकवड्या. ऊन, गच्ची आणि हातभर कापड एवढ्या भांडवलावर पावसाळ्याची बेगमी होते. वीज नाही, फ्रीज नाही, प्लास्टिकचे पाकीट नाही. पर्यावरणपूरक राहणीवर जगभर जी पुस्तके निघतात, त्यांतल्या अर्ध्या सूचना या एका कामात आपोआप पाळल्या जातात.

रायपूरच्या वायव्येला उरला आणि बीरगाव इथे मात्र हे काम अवघड झाले आहे. गच्चीवर काळी पूड बसते. सकाळी झाडून काढलेल्या जागेवर संध्याकाळी अनवाणी फिरले की तळवे काळे होतात. दोरीवरचा पांढरा सदरा करडा होतो. तिथे सांडगे दोन दिवस उघड्यावर ठेवायचे म्हणजे वरून दुसरे कापड घालायचे, किंवा ताटे घरात आणून पंख्याखाली ठेवायची, किंवा तो नाद सोडून बाजारातून पाकीट आणायचे. म्हणजे ज्या घराला सूर्य फुकट वापरता येत होता, त्याच्या मीटरवर आता पंख्याचे युनिट चढते आणि कचऱ्यात प्लास्टिक पडते. दोष त्या घराचा नाही.

'साधे राहा, कमी वापरा, वाया घालवू नका' हा उपदेश आपण अलीकडे फार ऐकतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत तो असतो, सोसायटीच्या फलकावर असतो, शाळेच्या प्रकल्पवहीत असतो. हा उपदेश उरल्यासारख्या ठिकाणी नेऊन ठेवला तर त्याचे काय होते, ते पाहण्यासाठी हा लेख.

काळी पूड येते कुठून

उरला ही मध्य प्रदेशच्या काळात आखलेली औद्योगिक वसाहत. शेजारी भनपुरी; उत्तरेला बिलासपूर रस्त्यावर सिलतरा. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले आणि या पट्ट्याचे दिवस पालटले. कोरब्याचा कोळसा आणि वीज, दल्ली-राजहरा व बैलाडिल्याचे लोहखनिज, मुंबई-हावडा लोहमार्ग आणि जमीन, सगळे हाताशी होते. स्पंज आयर्नचे कारखाने, इंडक्शन भट्ट्या, रोलिंग मिल, फेरो अलॉयच्या भट्ट्या दाटीने उभ्या राहिल्या. त्यांच्या भोवती बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश आणि खुद्द छत्तीसगडच्या खेड्यांतून आलेल्या कामगारांच्या वस्त्या वाढल्या. बीरगावला आज स्वतःची महापालिका आहे.

मराठी माणूसही इथे परका नाही. अठराव्या शतकात बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला गादी मांडली, तेव्हापासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत. रायपूरचा तात्यापारा त्यांच्या ओळखीचा. चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचे. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून आणखी कुटुंबे आली. उरल्याची पूड या सगळ्यांच्याच गच्चीवर कमीअधिक पडते, कारण हिवाळ्यात वारा उत्तरेकडून शहराकडे वाहतो आणि थंड हवा जमिनीलगत दबून राहते.

स्पंज आयर्न करण्याची रीत थोडक्यात अशी. किंचित कलती ठेवलेली, आतून भट्टीविटांचे अस्तर लावलेली लांबलचक पोलादी नळी सावकाश फिरत असते. तिच्यात लोहखनिज, कोळसा आणि थोडा डोलोमाइट सोडतात. सुमारे १,००० अंश सेल्सिअसला खनिजातला ऑक्सिजन निघून जातो आणि लोखंड सच्छिद्र ढेकळांच्या रूपात उरते. एक टन माल काढायला दीड टनाहून जास्त खनिज आणि टनाहून जास्त कोळसा लागतो. अर्धवट जळलेला कोळसा 'डोलोचार' म्हणून बाहेर पडतो. नळीतून निघणाऱ्या गरम वायूबरोबर राख, कोळशाची भुकटी आणि लोखंडाचे बारीक कण उडतात. ते धुराड्याच्या तोंडाशी पोचण्याआधी धरायचे यंत्र म्हणजे ईएसपी. त्यात उच्च दाबाच्या विजेने कणांना भार दिला जातो, ते पत्र्यांना चिकटतात, पत्रे ठोकून पूड खाली पाडतात.

हे यंत्र चांगले चालते. अडचण एवढीच की ते चालवायला वीज लागते, देखभाल लागते, आणि बंद ठेवले तरी उत्पादनाचा एक किलो कमी होत नाही. रात्री ईएसपी बंद ठेवतात ही रायपूरकरांची जुनी तक्रार आहे. खाली पडलेली पूड आणि डोलोचार उघड्यावर टाकला, ट्रकवर ताडपत्री नसली, आतले रस्ते कच्चे राहिले, की धुराड्यातून न निघालेली पूडही चाकांबरोबर उडते. इंडक्शन भट्टीचा धूर शेडच्या छपरातूनच बाहेर पडतो, त्याला तर धुराडेही लागत नाही.

२०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने शहरांच्या हवेची यादी काढली. पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या सूक्ष्म कणांच्या वार्षिक सरासरीत रायपूर १३४ मायक्रोग्रॅमवर होते. दिल्ली, पाटणा आणि ग्वाल्हेरच्या मागोमाग. भारताची स्वतःची मर्यादा ४० आहे. २०१९ च्या जानेवारीत केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, त्यात छत्तीसगडची जी तीन शहरे घेतली ती रायपूर, भिलाई आणि कोरबा.

चार उत्तरे

आपल्या मराठीत साध्या, पर्यावरणपूरक राहणीचा विचार नवा नाही. दिलीप कुलकर्णी यांनी दापोलीजवळच्या कुडावळ्याला राहून 'गतिमान संतुलन' हे मासिक चालवले, 'निसर्गायण' लिहिले आणि जे लिहिले तसे जगून दाखवले. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून थोड्या जागेत, थोड्या पाण्यात कुटुंबापुरते पिकवता येते हे शेतकऱ्यांना करायला लावले. असे लिखाण वाचल्यावर किंवा असे व्याख्यान ऐकल्यावर माणसे जी उत्तरे देतात, ती पुण्यात, नागपुरात, रायपुरात सारखीच असतात. ठोकळमानाने चार.

पहिले उत्तर, 'हे आम्ही करतच आलो आहोत.' ते खोटे नाही. छत्तीसगडात उरलेला भात रात्री पाण्यात घालून सकाळी बासी म्हणून खातात. सोबत कांदा, चटणी, मीठ. ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात कामावर जाणाऱ्या माणसाला ते जेवणही आणि पाणीही. २०२२ च्या कामगार दिनी तिथल्या सरकारने लोकांना 'बोरे बासी' खाण्याचे आवाहन केले, तेव्हा शहरातले अधिकारीही वाटी घेऊन बसले. लग्नाकार्याला पानांचे दोना-पत्तल, परसात बाडी, कोपऱ्यात शेणकचऱ्याचा घुरवा. यातले कुठलेही पर्यावरणासाठी म्हणून सुरू झाले नाही. चणचण होती म्हणून वस्तू पुरवून वापरली गेली. म्हणूनच हातात पैसा आल्याबरोबर यातले बरेचसे सुटते. पत्तलच्या जागी थर्माकोल येतो तो मान म्हणून. 'करतच आलो आहोत' म्हणणाऱ्या घरात ते पुढच्या पिढीत टिकेल का, हा प्रश्न उरतोच.

दुसरे उत्तर, 'परवडत नाही, वेळ नाही.' हे बहुधा बाईचे असते आणि त्यात तथ्य असते. साधेपणाचे बहुतेक उपाय श्रम मागतात आणि ते श्रम कोणाचे हे ठरलेले असते. ओला-सुका वेगळा करणे, खताचा डबा हलवणे, कापडी पिशव्या धुणे, वाळवण राखणे. बारा तासांची पाळी करून आलेल्या कामगाराच्या एका खोलीच्या घरात खतासाठी कोपरा नसतो. पाणी टँकरने येत असेल तर स्टीलची ताटे धुण्यापेक्षा कागदी प्लेट स्वस्त वाटते. ज्या उपदेशात घरातल्या कामाची वाटणी बदलण्याबद्दल शब्द नाही, तो अपुरा आहे.

तिसरे उत्तर सर्वांत जास्त ऐकू येते, 'माझ्या एकट्याने काय होणार?' आणि चौथे त्याचेच पुढचे पाऊल, 'आधी त्या कारखान्यांना सांगा.' पुण्यात किंवा ठाण्यात चौथे उत्तर देणाऱ्याला आपण पळवाट काढणारा म्हणू शकतो. उरल्यात ते म्हणणे कठीण आहे. तिथे कारखाना खिडकीतून दिसतो.

तरी चौथे उत्तर पूर्ण खरे नाही. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक शम्स परवेज आणि त्यांचे सहकारी तिथल्या हवेतल्या कणांवर अनेक वर्षे संशोधन करत आले आहेत. चुलीतले लाकूड, गोवऱ्या, कोळसा यांबरोबर देवळातला धूप, अगरबत्ती, लग्नसमारंभ आणि स्मशान यांतून काय हवेत जाते, हेही त्यांनी मोजले. म्हणजे घराचा वाटा शून्य नाही. थंडीच्या रात्री वस्तीत कोळशाची सिगडी पेटते आणि रस्त्याकडेला कचरा जाळून शेकोटी होते, तो धूर बाजूच्याच मुलाच्या छातीत जातो. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरात आले. पण दुसरे भरून घ्यायचे पैसे नसले की सिगडी परत येते.

आपल्या स्लॅबमधला उरला

आता तिसऱ्या आणि चौथ्या उत्तराचा आकड्यांत विचार करू. स्पंज आयर्न पुढे ज्या इंडक्शन भट्टीत जाते, तिथे एक टन पोलाद वितळवायला साधारण ६०० ते ७०० युनिट वीज लागते. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची ती तीन महिन्यांची वीज झाली. अशा भट्टीच्या एका घाण्यात दहा-पंधरा टन सहज निघतात. त्या कुटुंबाने दिवे बदलून, पंखे बंद करून महिन्याला २० युनिट वाचवले, तर वर्षाकाठी २४० युनिट होतील. म्हणजे अर्ध्या टनाच्याही आत. हा हिशेब ऐकून 'मग वाचवायचे कशाला' असे वाटणे साहजिक आहे.

पण ते पोलाद जाते कुठे? रायपूरच्या भट्ट्यांतून बिलेट निघतात, रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया होतात, आणि त्या सळया ट्रकांनी गोंदिया, भंडारा, नागपूर आणि पुढे जातात. आरसीसी बांधकामात चौरस फुटाला सुमारे चार किलो सळई धरायची असा बांधकामवाल्यांचा ठोकताळा आहे. हजार चौरस फुटांच्या सदनिकेत म्हणजे चार टन. त्या चार टनांना वितळवण्याची वीज २,४०० ते २,८०० युनिट. स्पंज आयर्न करताना भट्टीत गेलेला कोळसा वेगळा, आणि तोही काही टनांत.

पर्यावरणपूरक घरांच्या याद्यांत बांबूचा ब्रश असतो, काचेची बरणी असते, धातूची नळी असते. स्लॅबमधली सळई नसते. ती दिसत नाही आणि तिचा धूर दुसऱ्याच्या गच्चीवर पडतो. ज्या कुटुंबाने दुसरा फ्लॅट 'गुंतवणूक' म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवला आहे, त्याने आयुष्यभर कापडी पिशवी वापरली तरी ही बाजू भरून निघत नाही. उलट चांगल्या स्थितीतले जुने घर पाडण्याऐवजी दुरुस्त करून वापरणे, गरजेइतकेच चौरस फूट बांधणे, नवे बांधताना रचनाकाराकडून सळईचे नेमके गणित करून घेणे, हे निर्णय आयुष्यात एकदा-दोनदाच येतात आणि त्यांचे वजन हजार पिशव्यांहून जास्त असते. आपल्याकडे 'असू दे जास्त मजबूत' म्हणून मिस्त्री अंदाजाने सळई वाढवतो, ती बहुतेकदा वाया जाते.

म्हणून 'त्या कारखान्यांना सांगा' म्हणताना त्या कारखान्याचे गिऱ्हाईक कोण, हेही सांगावे लागते. उरला दूर नाही. चंद्रपूर, घुग्घुस, जालना इथल्या वाचकाला तर हे समजावून सांगायची गरजच नाही.

जिथे जमले

छत्तीसगडातच दुसरे उदाहरण आहे. राज्याच्या उत्तरेला सरगुजा जिल्ह्यातले अंबिकापूर. २०१५ च्या सुमाराला तिथल्या जिल्हाधिकारी ऋतु सैन यांनी महिला बचतगटांच्या हाती कचऱ्याचे काम दिले. बायका हातगाडी घेऊन घरोघर जातात, ओले-सुके वेगळे घेतात, केंद्रावर सुक्याचे बारीक वर्गीकरण करतात, विकतात. गावाबाहेरच्या जुन्या कचरा डेपोच्या जागी बाग झाली. ही पद्धत पुढे राज्यातल्या इतर शहरांत नेली गेली आणि या बायकांना 'स्वच्छता दीदी' म्हणू लागले. २०१९ साली तिथल्या बसस्थानकावर 'गार्बेज कॅफे' निघाला, एक किलो प्लास्टिक द्या आणि जेवा, अर्धा किलो दिले तर नाश्ता.

अंबिकापूरच्या घरांतली माणसे बीरगावच्या माणसांहून अधिक सुसंस्कृत आहेत, असे काही नाही. तिथे वेगळा केलेला कचरा वेगळाच राहील याची खात्री होती, रोज ठरल्या वेळी गाडी येत होती आणि काम करणारीला त्यातून पैसे मिळत होते. आपल्याकडे वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात हेच दिसले, कचऱ्याचे बारीक वर्गीकरण झाले आणि डेपो पाहायला पर्यटक येऊ लागले. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून हेच काम करते. तीनही ठिकाणी सवय नंतर लागली, सोय आधी झाली.

याची दुसरी बाजूही छत्तीसगडातच दिसली. २० जुलै २०२० ला हरेलीच्या सणाला 'गोधन न्याय योजना' सुरू झाली. सरकार दोन रुपये किलोने शेण विकत घेणार, बचतगट त्याचे गांडूळखत करणार. शेणाला भाव आला, मोकाट गुरे बांधली जाऊ लागली, रायपूरच्या जरवाय इथल्या गोठाणात तर बायका शेणापासून रंग करू लागल्या. पुढे २०२३ च्या अखेरीस सरकार बदलले आणि शेणाची खरेदी थांबली. चांगली सवयसुद्धा एका निवडणुकीवर टांगलेली असली की तिचे असे होते.

घरखर्चातला आणखी एक रकाना

मग उरल्यातल्या माणसाने करायचे काय? त्याने बासी खावी, सिगडी टाळावी, कचरा जाळू नये, हे सांगायला हरकत नाही. ते त्याच्या स्वतःच्या छातीसाठीही बरे. पण तेवढे सांगून थांबणे अन्यायाचे आहे. जी पूड त्याने उडवली नाही, तिच्यासाठी त्याला संयम शिकवणे म्हणजे चूक एकाची आणि पथ्य दुसऱ्याला.

माझ्या मते या राहणीत आणखी एक काम धरले पाहिजे, ते म्हणजे चौकशी. प्रत्येक कारखान्याला प्रदूषण मंडळाचे संमतीपत्र लागते आणि त्यात धुराड्यातून किती कण सोडायचे याची मर्यादा लिहिलेली असते. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला अटी पाळल्याचा अहवाल वर्षातून दोनदा द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार अशा मंजुरीच्या बऱ्याच प्रकल्पांना जनसुनावणी आहे. तिची सूचना ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते, सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी बसतो आणि मांडलेली मते व आक्षेप नोंदवावे लागतात. औद्योगिक वसाहतीतल्या काही प्रकल्पांना यातून सूट मिळते, तेव्हा ती का मिळाली हेही विचारता येते.

एकट्याने विचारले तर उत्तर येईलच असे नाही. गल्लीतल्या दहा घरांनी एकाच महिन्यात, तारीख, वेळ आणि मोबाइलवरचा फोटो लावून तक्रार दिली आणि पोच घेतली, तर फाइल तयार होते. गच्चीवरच्या पुडीवरून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवला की लोखंडाचे कण उभे राहतात. थोडे कण साध्या मातीतही चिकटतात, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण मंडळाच्या माणसाला नमुना घ्यायला बोलावण्याइतके कारण नक्की आहे. ईएसपी चालू होता की नाही, हे त्याच्या विजेच्या नोंदींवरून कळते. त्या नोंदी मंडळाने पाहिल्या का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.

हे वाचणारे बहुतेक जण उरल्यात राहत नाहीत. त्यांनी आपल्या जिल्ह्यातली जवळची वसाहत घ्यावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रे संकेतस्थळावर पाहता येतात. एका कारखान्याचे संमतीपत्र उघडून वाचायला अर्धा तास पुरतो. न कळलेले विचारायला २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्या अर्जाची फी १० रुपये. कापडी पिशवी, एलईडी दिवा आणि खताचा डबा यांच्या जोडीला हे १० रुपये घरखर्चात धरावेत.